खिडकीपाशचं टेबल

हे गेल्यावर मास्तरांच्या आठवणींसाठी आमच्या घरीच जमायचं, असं ह्यांच्या विद्यार्थ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. मला विचारलं ते खुर्च्या मांडून झाल्यावर.

"काकू, तुम्ही फक्त बसा," थोरला म्हणाला. थोरला म्हणजे ह्यांचा पहिला विद्यार्थी. आता तोही ह्यांच्यासारखा सुतारकाम शिकवतो.

बसले. एकेक जण उठून बोलायला लागला. मास्तरांनी हात धरून रंधा चालवायला कसा शिकवला, कुणी आजारी पडला तर त्याचं काम स्वतः कसं पुरं केलं. वाकडं काम दिसलं की रागवायचे नाहीत, ते फक्त समोर ठेवून म्हणायचे, "परत करा." सगळ्यांचे डोळे भरून आले.

माझं लक्ष कपाटाच्या दाराकडे. ते एका बिजागरीवर लोंबतंय. ह्यांना सांगितलं की उत्तर ठरलेलं, "बघतो." स्टुलाचा पाय निखळला? "बघतो." जन्मभर लष्कराच्या भाकऱ्या भाजल्या आणि घरात दिव्याखाली अंधार! रडू मलाही येत होतं, नाही असं नाही, पण आधी संतापच वर यायचा.

घरात धड वस्तू एकच, खिडकीपाशचं माझं टेबल. त्यावर माझं हाताने फिरवायचं शिवणयंत्र. टेबल जरा हललं तरी टीप वाकडी जाते, आणि हे गेल्यावर आता माझं पोट त्या टिपेवरच होतं.

माणसं मावेनात म्हणून यंत्र उतरवून पोरांनी ते टेबल मधल्या खोलीत नेऊन ठेवलं होतं. तिथे ते डुगडुगायला लागलं. मास्तरांच्या हातचं टेबल डुगडुगतं म्हणजे काय! त्यांच्यातल्या एका चष्मेवाल्याने लगेच पाय मोजले. दोन लांब निघाले, तेही कमीजास्त. मास्तर दुसऱ्यांदा गेल्यासारखे सगळ्यांचे चेहरे पडले. मी चहा टाकायला आत गेले, तेवढ्यात ह्या शहाण्यांनी मास्तरांची अब्रू राखायला लांब पाय कापून सारखे केले.

"या काकू, आता हलवून बघा!"

"खिडकीपाशी न्या आधी."

नेलं. तिथे ते असं लटपटलं की मी कपाळावर हात मारला. खिडकीखालची फरशी खचलीये, हे आंधळ्यालाही कळेल.

"अरे, इतकी वर्षं ते इथे कसं उभं होतं, हे मला विचारायचंत तरी!"

थोरला कापलेले तुकडे हातात घेऊन उजेडाकडे धरून बघत होता.

"काकू, हे नंतर जोडलेत. लाकडाच्या रेषासुद्धा जुळवल्यात, म्हणून आम्हाला जोड दिसलाच नाही. मास्तरांनी ह्या फरशीसाठी मुद्दाम पाय वाढवले होते."

तेव्हा मला आठवलं. ह्या घरात आलो तेव्हा टेबल हलायचं. मी कटकट केली, हे म्हणाले, "बघतो." मी चार दिवस माहेरी जाऊन आले तर हलायचं थांबलेलं. मी म्हटलं, "बघा, आपोआप बसलं! तुमच्या भरवशावर राहिले असते तर झालंच होतं." हे हसले आणि चहा पीत राहिले. त्यानंतर कितीदा ऐकवलं असेल मी ते, पाहुण्यांसमोरसुद्धा.

"काकू, तूर्त खाली पाचर मारून देतो," चष्मेवाला चाचरत म्हणाला.

"पाचर नको. परत करा."

भाषणं तिथेच राहिली. ह्यांच्या तालमीतले ते बापई गडी फरशीवर पालथे पडले आणि मापं घ्यायला लागले. त्या दिवशी त्यांनी नवे तुकडे जोडले. दुसऱ्या दिवशी थोरला येऊन पुन्हा घासून गेला.

तो गेल्यावर मी यंत्र टेबलावर ठेवलं आणि एक लांब टीप मारली. टेबल जागचं हललं नाही. टीप अगदी सरळ आली. मग मात्र मला राहवेना. ह्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून मी ओरडलेच, "बघितलं होतंत ना? मग सांगायला काय झालं होतं? मला जन्मभर 'आपोआप' म्हणू दिलंत!"