पेटीसमोरचा बाक

दिल्लीतल्या द्वारकेहून मेट्रोनं संग्रहालयात पोचेपर्यंतच मी अर्धी संपलेली असते. त्यात वस्तू कुठे मांडायच्या हे ठरवणं माझं काम, म्हणून सुहासिनीआत्याची तक्रारही मीच ऐकायची.

आत्यानं आजीची फणीकरंड्याची पेटी संग्रहालयाला दिली होती. शिसवी पेटी, झाकणाच्या आत आरसा, खाली कुंकवाचे आणि मेणाचे कप्पे. दर रविवारी ती पहाडगंजहून यायची आणि कोणी पेटीपाशी थांबतंय का बघायची. कोणी थांबत नसे. दारातून आत आले की लोक उजवीकडे वळतात, आणि पेटी होती डाव्या कोपऱ्यात.

"विनया, एकानं तरी विचारावं गं, ही कुणाची म्हणून," आत्या म्हणायची. "बस, तेवढंच."

साहेबांच्या विनवण्या करून मी पेटी उजवीकडे आणली. उभ्या माणसाच्या नजरेसमोर, वर दिवा, अगदी पुस्तकात सांगतात तसं. लोक थांबू लागले. आरशात बघून केस सारखे करायचे, सेल्फी काढायचे, चालू पडायचे. मला त्या सगळ्यांचा संताप आला.

"अगं, उभ्यानं कोण वेणीफणी करतं?" आत्या वैतागली. "आई पेटी जमिनीवर ठेवून समोर मांडी घालून बसायची. दिवसभरात तिचं बसणं तेवढंच, यार."

मी लहानपणी त्याच पेटीसमोर बसून आजीकडून वेण्या घालून घेतल्या होत्या. काखेत कळसा नि गावाला वळसा!

पुन्हा विनवण्या. पेटी आता शेवटच्या दालनात, बुटक्या चौथऱ्यावर, आणि समोर ठेंगणा बाक. तिथवर येईपर्यंत सगळ्यांचेच पाय दुखत असतात. बाक दिसला की माणूस बसतोच.

रविवारी आत्या बाकावर बसली, मी मागे उभी राहिले. शेजारी एक बाई येऊन टेकली. तिनं चपला काढल्या, आरशात स्वतःकडे पाहिलं, पण केसांना हात लावला नाही. बराच वेळ ती कप्पे न्याहाळत राहिली.

"किसकी रही होगी?" ती स्वतःशीच म्हणाली.

वर्षभर आत्या याच प्रश्नाची वाट बघत होती, आणि आता ती नुसती पदर सारखा करत राहिली. मी पुढे होणार, तेवढ्यात आत्या म्हणाली, "मेरी आई की."

मला रडू आलं. त्या बाईनं पिशवी मांडीवर घेतली आणि आत्याकडे वळून बसली.

"बताइए," ती म्हणाली.