तळमजल्याचा सराव

चेअरमनांचा निरोप आला तेव्हा बत्तीशी कुणा आजोबांच्या कवळीला पॉलिश करत होती. बत्तीशी हे काही तिचं खरं नाव नव्हे. दातांच्या लॅबमध्ये कामाला, दिवसभर समोर प्लास्टरचे जबडे, मेण आणि दुसऱ्यांचे दात, म्हणून लीगमध्ये तिने स्वतःच हे नाव घेतलं होतं. आता लीग म्हणजे काय ते आधी सांगितलेलं बरं, नाहीतर तिच्या ताईसारखं तुम्हीही नाक मुरडाल, की पन्नाशी उलटलेल्या बाईला हे काय भलतंच खूळ.

लीग फुटबॉलची, पण तिथे चेंडू कुणाच्याच पायाला लागत नाही. प्रत्येकाने आपला एक खेळाडू तयार करायचा. त्याला नाव द्यायचं, उंची द्यायची, गुण द्यायचे आणि आठवड्यातून एकदा त्याचा सराव घ्यायचा. सामने रविवारी कंप्यूटर खेळवतो. सराव चुकला की खेळाडू मंदावतो, वय झालं की निवृत्त होतो, अगदी खऱ्यासारखं. दर हंगामाला नव्या खेळाडूंचा ड्राफ्ट होतो, म्हणजे संघवाले पाळीपाळीने एकेकाला उचलतात. एका ड्राफ्टमध्ये आलेले ते सगळे एका बॅचचे. आणि बॅचचं नातं काय विचारता! सख्ख्या भावंडांना वाढदिवस आठवणार नाहीत, पण बॅचवाल्याच्या खेळाडूचा गुडघा कधी दुखावला ते यांना झोपेतही सांगता येतं.

तर चेअरमन म्हणजे ही सगळी लीग सांभाळणारे, पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ. त्यांनी लिहिलं होतं, "तुमच्या बॅचचे आता दोनच खेळाडू उरलेत. दोघंही या हंगामाअखेर वयाने निवृत्त होणार. रिवाजाप्रमाणे बॅचकडे मागे वळून बघत कुणीतरी लिहायला हवं. तुमच्याशिवाय कोण लिहिणार?"

दोनच उरलेत, हे तिला काय ठाऊक नव्हतं? एक तिचा अक्कलदाढ, बचाव फळीतला. दुसरा तळमजला, गोलकीपर. आणि तळमजल्याचा मालक कित्येक हंगामांपासून गायब होता. त्याच्या वाटचा सराव तीच करत होती.

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता तिने लिहायला घेतलं. पहिला आठवला तो ड्राफ्टचा दिवस. काय तो थाट! एका मास्तरांचा स्ट्रायकर सगळ्यांत आधी उचलला गेला, आणि मास्तर असे फुगले की बास. दोन साडूंनी जोडीने दोन भाऊ आणले होते, त्यांना एकाच संघात जायचं होतं. ते गेले वेगवेगळ्या संघांत आणि पुढे एकमेकांविरुद्ध खेळताना खऱ्या आयुष्यातलं बोलणंही बंद करून बसले. एका नर्सबाईंचा विंगर चौथ्या की पाचव्या फेरीत गेला आणि पुढे त्यानेच सगळ्यांत जास्त कप उचलले. नावं पुकारली जात होती, अभिनंदनं होत होती, आणि यादीच्या तळाशी दोघं तशीच ताटकळत बसलेली. ती आणि लिफ्टवाले.

लिफ्टवाले म्हणजे लिफ्टदुरुस्ती करणारे. त्यांचा स्वभावच असा, की पडत्या वेळेला हसवायचं. "बाई, आपल्याला न्यायला कुणी येईल असं दिसत नाही," त्यांनी लिहिलं होतं. "पायऱ्यांनी जायचं का?"

ती त्या दिवशी लॅबमध्ये एकटीच फिसकन हसली होती. मग तिने विचारलं, गोलकीपरला तळमजला असलं कसलं नाव? तर म्हणे, "त्याच्या खाली काही जात नाही. चेंडूसुद्धा."

शेवटून दुसरे ते गेले, शेवटची ती. एकाच संघात, कारण त्या संघाच्या मालकाला यायला उशीर झाला होता आणि त्याच्या वाट्याला उरलंसुरलं आलं. तिथून पुढे रोजचं बोलणं सुरू झालं. कामातल्या गमती, तिच्या ताईची कटकट, त्यांच्या बायकोचं आजारपण. अहो-जाहो कधी सुटलं नाही, पण दुपारी डबा उघडला की आधी त्यांचं काय आलंय ते बघायचं आणि मग घास घ्यायचा, अशी तिची सवयच होऊन गेली. प्रेमबिम काही म्हणू नका, तिनेही कधी म्हटलं नाही. पण ज्या दिवशी त्यांचं काही आलं नसे, त्या दिवशी डबा अर्धा परत जाई, आणि ताई विचारी, "भाजी बिघडली होती का?"

मग एका हंगामात ते यायचेच बंद झाले. आधी तिला वाटलं, बायकोचं दुखणं वाढलं असेल. तिने लिहिलं. मग पुन्हा लिहिलं. लीगच्या आत पाठवलेले निरोप न वाचता तसेच पडून राहिले. बाहेरचा पत्ता तिच्याकडे नव्हता, खरं नावही नव्हतं. इतकी वर्षं बोलून माणसाचं नाव माहीत नसावं! पण लीगमध्ये तसंच असतं.

मात्र एक सोय होती. कुणी आजारी पडलं, गावाला गेलं, तर त्याचा सराव बॅचमधल्या कुणालाही घेता येई. किती दिवस, याला काही बंधन नव्हतं. सराव कुणी घेतला त्याचं नाव मात्र खेळाडूच्या पानावर दिसे. तेव्हापासून तळमजल्याच्या पानावर दर आठवड्याला "सराव: बत्तीशी" असं येत होतं. स्वतःच्या अक्कलदाढीचा एखादा सराव तिने घाईघाईत उरकला असेल, पण तळमजल्याचा नाही. त्याची झेप, त्याची पकड, सगळं तिने डोळ्यांत तेल घालून जपलं. उद्या माणूस परत आला आणि आपला गोलकीपर मोडीत निघालेला दिसला, तर त्याला काय वाटेल? एवढाच तिचा विचार.

लेख लिहिता लिहिता तिच्या एक गोष्ट लक्षात आली. मास्तर मध्येच गायब झाले होते, पण त्यांचा स्ट्रायकर वगळला जायच्या आधी ते येऊन सगळ्यांचा निरोप घेऊन गेले. ते दोघे साडूही तसेच, आणि येताना समेट करूनच आले. महिनाभर न फिरकलेली माणसं नेमकी त्याच वेळी कशी उगवली? तिने चेअरमनांना विचारलं.

"निरोप जातो ना त्यांना," चेअरमन म्हणाले. "ओळीने चार आठवडे सराव झाला नाही, की कंप्यूटर थेट त्यांच्या घरच्या पत्त्यावर कळवतो: तुमचा खेळाडू वगळत आहोत, एकदा भेटून जा. बहुतेक जण येतात हो. आपण केलेलं पोर आहे म्हटल्यावर जीव तुटतोच."

"मग लिफ्टवाल्यांना का नाही गेला?"

"त्यांना कसा जाईल? त्यांचा सराव तर एकही चुकलेला नाही. कंप्यूटरच्या लेखी ते हजर आहेत."

बत्तीशीच्या हातातला घास हातातच राहिला.

"तुम्ही पाठवा ना," तिने घाईने लिहिलं. "किंवा मला पत्ता द्या."

"पत्ते मलासुद्धा दिसत नाहीत, बाई. ज्याने हे सगळं बनवलं त्याने मुद्दाम तसं ठेवलंय. आणि वयाने निवृत्त होणाऱ्याला निरोप जातच नाही, फक्त वगळल्या जाणाऱ्यालाच जातो."

काय म्हणावं आता! ज्या माणसाची वाट बघण्यात हिने एवढी वर्षं घालवली, त्याला हाक जायची वाट हिनेच अडवून ठेवली होती. तीही प्रेमाने, न चुकता, डबा बाजूला सारून. तिला स्वतःचाच इतका राग आला की समोरच्या प्लास्टरच्या जबड्याला ती म्हणाली, "हस, तूही हस मेल्या."

घरी येऊन तिने ताईला सगळं सांगितलं. ताई विधवा झाल्यापासून या दोघी बहिणी एकत्रच राहत होत्या. ताईला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण धाकटीचा चेहरा मात्र बरोबर कळायचा.

"मग सोडून दे सराव," ताई म्हणाली. "घोडं कुठे अडलंय?"

"अगं, त्यांचा खेळाडू वगळला जाईल. नावापुढे कायमचा शिक्का बसेल. दोन महिने थांबलं तर मानाने निवृत्त होईल, सगळे टाळ्या वाजवतील. इतकी वर्षं जपलाय मी त्याला."

"टाळ्या वाजतील तेव्हा तो माणूस तिथे असणार आहे का?"



"आणि निरोप जाऊनही नाही आला तर?" बत्तीशी म्हणाली. "इतके दिवस मला म्हणता तरी येत होतं, की त्यांना कळलं नसेल. उद्या कळूनही नाही आले तर मी काय म्हणू? किंवा ताई, माणूसच नसला तर?"

ताईने हातातलं निवडणं बाजूला ठेवलं. "नसला तर रडू आपण. पण त्याच्या जागी तूच हजेरी लावत बसणार आणि तूच त्याची वाट बघणार, हा कुठला न्याय?"

त्या आठवड्यात बत्तीशीने तळमजल्याचा सराव घेतला नाही. लिहायला सोपं आहे हे. तिने तीनदा पान उघडलं, तीनदा बंद केलं. घरातल्या माणसाला उपाशी ठेवून आपण जेवायला बसावं, तसं तिला होत होतं. शनिवारी तर तिने फोन ताईच्या हवाली केला आणि बजावलं, "मी मागितला तरी देऊ नकोस." ताईने तो डाळीच्या डब्यामागे ठेवला, आणि धाकटीने मागितल्यावर खरंच दिला नाही.

रविवारी तळमजल्याने चार गोल खाल्ले. शेवटचा तर अगदी पायांमधून गेला. संघवाले हळहळले, कुणीतरी म्हणालं, म्हातारा झाला बिचारा. बत्तीशी निकालाकडे बघत राहिली. तो म्हातारा झालेला नाही, मी त्याला सोडलंय, असं तिला ओरडून सांगावंसं वाटलं. अजून तीन आठवडे हे असंच बघायचं होतं, मग निरोप जाणार, मग पुढचं पुढे. एवढा धीर आपल्याला निघेल की नाही, याची तिची तिलाच खात्री नव्हती.

सोमवारी ती लॅबमध्ये गेली. मेण वितळवलं, दोन जबडे बसवले, मालकांच्या एका प्रश्नाला भलतंच उत्तर दिलं. दुपारी डबा उघडला आणि सवयीने फोन बघितला.

लिफ्टवाल्यांचं नाव होतं.

तिला आधी वाटलं, जुनंच काहीतरी वर आलंय. मग तिने तारीख बघितली. हात प्लास्टरने पांढरे झालेले होते, ते तिने तसेच ॲप्रनला पुसले.

निरोप कंप्यूटरचा नव्हता, त्याला तर अजून तीन आठवडे होते. त्यांनी आपण होऊन लिहिलं होतं.

"बायको गेली. त्यानंतर कुणाशी बोलावंसं वाटेना. पुढे बोलावंसं वाटायला लागलं, तर इतके दिवस उलटून गेले होते की तोंड दाखवायची लाज वाटायला लागली. पण दर सोमवारी लीगमध्ये न शिरता, चोरून बाहेरूनच पान बघतो. सराव केलेला दिसला, खाली तुमचं नाव दिसलं, की म्हणायचो, चला, बाई मजेत आहेत, आठवडा जाईल. या सोमवारी तुमचं नाव नाही. सकाळपासून दहा वेळा बघून झालं. बाई, तुम्ही बऱ्या आहात ना?"

तिने पुन्हा वाचलं. पलीकडच्या टेबलावरच्या बाई काहीतरी विचारत होत्या, ते तिला ऐकूच आलं नाही. म्हणजे इतकी वर्षं ती एका बाजूने खिडकीत दिवा लावून बसली होती, आणि हा शहाणा रस्त्यावर उभा राहून दिवा बघून समाधानाने घरी जात होता! तिला इतकं हसू आलं आणि इतकं रडू आलं, की शेवटी तिने तोंडाला रुमालच लावला.

मग तिने लिहायला घेतलं. मी ठणठणीत आहे, काळजी नसावी, असं लिहिलं. वाचलं, आणि पुसून टाकलं. ते वाचून हा माणूस पुन्हा निर्धास्त होईल आणि पुन्हा वर्षानुवर्षं बाहेरूनच बघत बसेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिने नवं लिहिलं.

"नाही. मी बरी नाहीये. मुळीच बरी नाहीये. आणि तुमच्या पोराचा सराव आता तुमचा तुम्हीच येऊन करा."