ऑगीच्या वाटचं काम

"अरे, बागेला पाणी घालतोयस की गाडी धुतोयस?" आर्डिस वीगटने गाडीची काच खाली करत विचारलं.

लेलँड प्रोचनो गॅरेजसमोर गुडघे टेकून बसला होता. पुढ्यात मोठा नारिंगी कूलर आणि कूलरच्या तोंडावर तांब्याच्या नळीचा आडवा दांडा. दांड्याला बारीक भोकं पाडलेली. वरच्या बादलीतून पाणी सोडलं की दांड्याने गरगर फिरावं आणि कूलरभर सारखं पाणी शिंपावं, असा बेत होता. प्रत्यक्षात दांडा जागचा हलत नव्हता आणि पाणी सगळं लेलँडच्या पँटवर येत होतं.

"दोन्ही नाही," तो म्हणाला. "तुझ्या नवऱ्याचा हात बनवतोय."

"मग असाच व्हायचा. तोही सांगितलेलं कधी ऐकायचा नाही."

दोघंही हसले. तिच्या नवऱ्याला, ऑगीला, जाऊन दोन महिने होत आले होते.

ऑगी आणि लेलँड कागदाच्या गिरणीत एकाच पाळीला होते आणि गिरणी सुटल्यावरही एकमेकांना सुटले नाहीत. महिन्यातला एखादा शनिवार या गॅरेजमध्ये बिअर करण्यात जायचा. मोड आणून वाळवलेला सातू भरडायचा, कूलरमध्ये गरम पाण्यात मुरवायचा, आणि मग खालची तोटी किंचित उघडून वरून हळूहळू गरम पाणी शिंपत त्यातला गोडवा शेवटच्या थेंबापर्यंत धुऊन काढायचा. तोटीवर लेलँड. वरून पाणी घालायला ऑगी. हे काम दिसतं सोपं, पण घाईच्या माणसाचं नाही. पाणी भसकन ओतलं तर धान्यात खड्डा पडतो आणि सगळं पाणी तिथूनच पळून जातं. ऑगी पळीने असा शिंपायचा की बघणाऱ्याला झोप यावी.

आजारपणात त्याने लेलँडला एकच गोष्ट मागितली होती. जमीन गोठायच्या आत माझी राख पुरतील, नंतर चर्चच्या हॉलमध्ये जेवण होईल, तेव्हा लोकांना दुकानातली बिअर पाजू नकोस. आपली राय धान्याची पाज. लेलँड 'हो' म्हणून बसला. निम्मं काम ज्याच्या हातचं होतं तोच चाललाय, हे त्या क्षणी डोक्यात आलं नाही.

फिरता फवारा वॉसॉ गावातल्या दुकानात तयार मिळत होता, चकचकीत स्टीलचा. लेलँडने तो हातात घेतला, उलटासुलटा केला आणि परत ठेवला. ऑगीच्या जागी दुकानातली वस्तू लावायला मन घेईना. माळ्यावर तांब्याची नळी पडून होतीच.

"पास्टर विचारतायत, बिअरचं नक्की ना?" आर्डिस म्हणाली. "नाहीतर दुकानात सांगून ठेवतील."

"नक्की," लेलँड म्हणाला. ओल्या पँटमध्ये जेवढ्या ठामपणे म्हणता येईल तेवढ्या ठामपणे.

ती गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण सगळी भोकं एकाच अंगाला पाडली आहेत. दांडा फिरायचा तर एका टोकाची पुढे हवीत, दुसऱ्याची मागे. स्वतःला दोन शिव्या घालून त्याने नवी नळी कापली. यावेळी दांडा असा डौलात फिरला की त्याला तो ऑगीला दाखवावासा वाटला.

शनिवारी सकाळी त्याने राय आणि सातू भिजवले. बिअर मुरायला लागणारे दिवस मोजूनमापून उरले होते. ही खेप फसली तर दुसरी करायला ना राय होती, ना वेळ. दुपारी आर्डिस हॅमची सँडविचेस घेऊन आली. आजवर बिअरच्या दिवशी ती या गॅरेजमध्ये कधी फिरकली नव्हती. तो वास तिला सोसत नसे, ती पत्ते खेळायला बहिणीकडे जायची. आज मात्र उकळत्या पाण्याशी लेलँडला एकट्याला सोडायचं तिच्या जिवावर आलं होतं.

लेलँडने तोटी उघडली. वर दांडा फिरू लागला, खाली तोटीला लावलेल्या नळीतून तपकिरी रस भांड्यात पडू लागला. मग धार बारीक झाली, मग थेंब. मग तेही थांबले.

"काय झालं?"

"अडलं." लेलँडचा चेहरा उतरला. "राय चिकट असते गं. खळ होते तिची. म्हणून भरडताना भाताचं तूस मिसळायचं, म्हणजे पाण्याला वाट राहते. ते तूस..." तो थांबला. "ते ऑगी टाकायचा. दोन ओंजळी. मी त्याच्या पळीचा विचार करत बसलो आणि तूस साफ विसरलो."

"मग आता?"

"अडलं की तो नळीतून उलटी फुंकर मारायचा. खालचा थर सुटायचा."

लेलँडने तोटी बंद केली, नळी वर धरून निवू दिली, तोंडात घेतली आणि तोटी उघडून फुंकलं. गिरणीच्या धुळीने त्याच्या छातीत जागा फारशी ठेवली नव्हती. खोकल्याची उबळ आली आणि तो स्टुलावर बसला. दिलेला शब्द त्या कूलरमध्ये चिखल होऊन बसला होता आणि तो बघत राहण्यापलीकडे काही करू शकत नव्हता.

"दे इकडे," आर्डिस म्हणाली.

"तू? अगं, तुला वास..."

"चर्चच्या कॉयरमध्ये गाताना इतकी वर्षं काय नुसती उभी राहिले का मी? दे."

तिने कोट काढला, सिमेंटवर गुडघे टेकले, नळी तोंडात धरली आणि गाल फुगवून फुंकलं. काही नाही. पुन्हा फुंकलं. कूलरच्या पोटात गुडगुड झालं, वर एक मोठा बुडबुडा फुटला. नळी खाली घेताना रसाची एक चूळ तिच्या तोंडात आली, आणि मग भांड्यात धार लागली. आधी गढूळ. लेलँडने ती हलकेच परत वर ओतली. पुढची स्वच्छ आली, मधासारखी.

"आर्डिस," तो म्हणाला, "तुझे उपकार कसे फेडू सांग. आज तू नसतीस तर..."

तिचं लक्ष नव्हतं. ती तशीच जमिनीवर बसून ओठांवरून जीभ फिरवत होती.

"लेलँड, हे ऑगी दर वेळी करायचा?"

"राय असली की करायचाच. तूस टाकूनही अडते कधीकधी."

"शनिवारी घरी आला की दारातच माझा मुका घ्यायचा," ती सावकाश म्हणाली. "ओठ गोड लागायचे. त्याला साखरेचा त्रास, डॉक्टरांनी बजावलेलं. मी म्हणायचे, पेट्रोल पंपावर डोनट खाऊन आलास. तो म्हणायचा, नाही गं खाल्लं. मी त्याला खोटारडा म्हणायचे. रविवारी चर्चला जाईपर्यंत बोलायचे नाही त्याच्याशी." तिने वर पाहिलं. "खरं काय ते सांगायचं ना त्याने!"

"सांगितलं असतं तर इथे येऊ दिलं असतंस त्याला?"

आर्डिसने विचार केला. "नसतं येऊ दिलं," ती म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "बरं केलं मेल्याने नाही सांगितलं."

वर दांडा फिरत होता, खाली भांडं भरत होतं. हॉलमधल्या सगळ्यांना पुरेल एवढं भरणार होतं. या बाईचे, त्या माणसाचे, त्या सगळ्या शनिवारांचे आभार कुणाकडे मानायचे ते लेलँडला कळेना. म्हणून त्याने थर्मास उघडला आणि कपात गरम कॉफी ओतून तिच्यापुढे धरली.

आर्डिसने गोड ओठांवरून पुन्हा जीभ फिरवली आणि हाताने कप हळूच बाजूला सारला.

"नको," ती म्हणाली. "एवढ्यात नको."