आठ पाय, नऊ भोकं

मी बोलतेय, लालासाहेबांच्या रेडिओतली बैठक. मला खाली आठ पाय आहेत आणि वर नऊ भोकं. असं ध्यान तुम्ही कुठं पाहिलं नसेल.

माझा जन्म सांगलीत, रेडिओ दुरुस्त करणाऱ्या धरणेंद्रांच्या टेबलावर झाला. आटपाडीच्या लालासाहेबांच्या रेडिओतला एक काचेचा दिवा, म्हणजे व्हॉल्व्ह, जळला होता. तसा आठ पायांचा दिवा बाजारात मिळेना. मिळाला तो नऊ पायांचा. काम तेच, पण कुठल्या पायानं काय करायचं ते सगळं बदललेलं. मग धरणेंद्रांनी जळक्या दिव्याचं बूड घेतलं, त्यावर नऊ भोकांची चकती बसवली आणि आत सहा तारा आडव्यातिडव्या जोडल्या. दोन नंबरचा पाय चारच्या भोकाला, तीनचा सातच्या. जुन्या घरात नव्या माणसाचं जमवून द्यायचं, एवढंच माझं काम. पण त्याचा मला भारी तोरा होता.

या खटपटीत माझ्या मधली खीळ मोडली. ती असली की बैठक एकाच बाजूनं बसते. म्हणून धरणेंद्रांनी माझ्या कडेला आणि खाली रेडिओच्या पत्र्यावर लाल रंगाचा एकेक ठिपका दिला. ठिपक्यासमोर ठिपका ठेवूनच बसवा, असं त्यांनी दोनदा बजावलं.

एकाहत्तर साली लालासाहेबांचा मुलगा सयाजी सीमेवर होता. त्याचं पत्र आलं, की दसऱ्याच्या संध्याकाळी जवानांच्या कार्यक्रमात त्याचा आवाज लागणार. त्याच्या आईनं, अंबूबाईंनी, दोन वर्षांत पोराचा आवाज ऐकला नव्हता.

आदल्या दिवशी खंडेनवमी. नांगराचा फाळ, खुरपी, लालासाहेबांचा फौजेतला पट्टा, सगळं पूजेला पाटावर आलं. पोराला घेऊन येणारा रेडिओ मागं कसा राहील? पण तो जड, म्हणून लालासाहेबांनी दिव्यासकट मलाच उपसून पाटावर ठेवलं. अंबूबाईंनी मायेनं माझ्या कडेनं गोल कुंकवाची बोटं लावली. मी आपली खुशीत.

दसऱ्याला संध्याकाळी लालासाहेब मला परत बसवायला गेले, तर माझ्या कडेला सगळेच ठिपके लाल. मी एक घर चुकून बसले. रेडिओ मुका, दिव्यात उजेड नाही. सांगली लांब आणि कार्यक्रमाला अर्धा तास. अंदाजानं फिरवून बघतो, असं ते पुटपुटले. भलत्या पायाला वीज लागली तर हाही दिवा जळेल, हे मला ठाऊक होतं. पण मला तोंड कुठं होतं सांगायला?

"आवं, थांबा जरा," अंबूबाई म्हणाल्या. "कुंकू मी लावलंय, ते पुसलं की जातंय. जे जाणार न्हाई, ती धरणेंद्रांची खूण."

लालासाहेबांनी वीज बंद करून मला काढलं. अंबूबाईंनी पदराला खोबरेल लावून मला पुसलं, अगदी लेकराचं तोंड पुसावं तसं. एकच ठिपका उरला. तो पत्र्यावरच्या ठिपक्यासमोर धरून लालासाहेबांनी मला बसवलं आणि वीज लावली, तेव्हा दिवा हळूहळू तांबूस झाला.

"आये, मी बरा हाय," सयाजी म्हणाला. "तू येळच्या येळी जेवत जा."

"व्हय रं," अंबूबाई रेडिओला म्हणाल्या. मला भरून आलं.

पुढं सयाजी रजेवर आला तो खिशात मावणारा ट्रान्झिस्टर घेऊनच. जुना रेडिओ मोडीत गेला, आणि आता मी अंबूबाईंच्या बटणांच्या डब्यात असते. माझी तक्रार नाही. एवढंच मागते, की मोडीत काही टाकताना ते कुणासाठी केलं होतं हे एकदा आठवा.

अंबूबाईंना ते आठवतं. दर खंडेनवमीला त्या मला डब्यातून काढून पुसतात आणि कुंकवाचं एकच बोट लावतात, नेमकं त्या ठिपक्यावर.