तटावरची दुसरी भेट

दोरिंदाने विहीणबाईंचा दंड धरला आणि त्यांना जिन्याच्या तोंडाशी वळवलं.

"इथूनच उतरू या. खाली मिन्याच्या वेशीपाशी ऑक्टोपस फार छान मिळतो. मागाहून बसायला जागा राहत नाही."

"अहो, निम्माच तट झालाय," कोन्सुएलो म्हणाल्या. "वाय्यादोलिदहून इतक्या लांब काय निम्मा तट बघायला आलो?"

त्यांचे यजमान फेर्मिन बुरुजापाशी उभे राहून कॅथेड्रलचे मनोरे न्याहाळत होते. ते वळलेही नाहीत. "हिला काही अर्धवट सोडवत नाही. मी जिवंत पुरावा आहे."

दोरिंदा हसली, पण जरा उशिरा. मग जिना मागे पडला.

लुगोचा तट म्हणजे अख्ख्या गावाभोवतीचं कडं. उलट दिशेने चालणारा माणूस एका फेरीत दोनदा भेटतो, आणि मधे उतरलात तरच तो चुकतो. पहिल्यांदा तो सान पेद्रोच्या वेशीवर भेटून गेला होता. हात पाठीमागे, टोपी कपाळावर. तिघांना मिळून एकदाच 'नमस्कार' म्हणाला होता, पाहुण्यांना म्हणतात तसा. दोरिंदाकडे पाहिलं नव्हतं. एवारिस्तो, तिचा थोरला भाऊ. जेवणाच्या वेळी तो घरी असणार, असा हिशेब करून तिने ही वेळ धरली होती. एकट्या माणसाला जेवायची वेळ नसते, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

दोरिंदाच्या मुलाचं, इयागोचं लग्न ठरलं तेव्हा वाय्यादोलिदला मुलीकडच्या पहिल्याच जेवणात कोन्सुएलोंनी विचारलं होतं, "इयागोला मामा नाही का?" तेव्हा दोरिंदा म्हणून गेली, "आहे की. ब्वेनोस आयर्सला असतो. लग्नाला यायला जमायचं नाही." खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. इथे माती द्यायला दुसऱ्या दिवसापलीकडे थांबत नाहीत. आई गेली तेव्हा दोरिंदा जिनिव्हाहून निघाली होती, गाडी रखडली होती आणि तिने निरोपही धाडला होता. ती दफनभूमीत पोचली तेव्हा आईची शवपेटी ठेवलेल्या भिंतीतल्या कोनाड्याचं तोंड बंद झालेलं होतं आणि गवंडी थापी धूत होता. तेव्हापासून ती भावाशी बोललेली नव्हती. आता यातलं काही बाहेर आलं असतं, तर मुलाच्या सासरी ती आजपासूनच खोटारडी ठरली असती.

समोरून तो येताना दिसला.

तटावरची रीत तिला माहीत होती. पहिल्या भेटीला नमस्कार, दुसऱ्या भेटीला नुसती मान. तेवढ्याने भागलं असतं. पण कोन्सुएलो परगावच्या. त्यांनी लांबूनच हात वर केला.

"पुन्हा भेटलात की. आता आमचा एक फोटो काढून द्या."

एवारिस्तोने फोन घेतला. तिघं ओळीत उभी राहिली.

"टोकाच्या बाई, जरा आत सरा," तो म्हणाला.

दोरिंदा सरली.

"इथलेच ना तुम्ही?" कोन्सुएलोंनी विचारलं.

"इथलाच."

"आता आमचंही गाव झालं म्हणायचं. सप्टेंबरात लग्न आहे. या बाईंचा मुलगा नि आमची नूरिया. सगळं जमलंय बघा, नवऱ्यामुलाचा मामा तेवढा येत नाही. एकुलता एक मामा. ब्वेनोस आयर्सला असतो."

दोरिंदाने पर्सचा पट्टा मुठीत धरला. एवारिस्तो फोनच्या काचेवरून अंगठा फिरवत राहिला. काच स्वच्छच होती.

"लांब पडतं," फेर्मिन म्हणाले.

"पडतं," एवारिस्तो म्हणाला. फोन त्याने कोन्सुएलोंना दिला आणि बोललाही त्यांच्याशीच. "लांबून येणाऱ्यासाठी थांबायला हवं, बाई. मी एकदा थांबलो नाही. पाऊस होता, पाद्रीबाबा घाई करत होते. त्या वेळी कारणं पुष्कळ होती. आता एकही पटत नाही."

कोन्सुएलोंनी फोन पर्समध्ये टाकला. "होतं असं," त्या म्हणाल्या.

त्याने टोपीला बोट लावलं आणि तो निघाला. चार पावलं गेला असेल.

"दुसरा शनिवार," दोरिंदा म्हणाली. "सान पेद्रोच्या चर्चमध्ये. बारा वाजता. नवरीकडचे उशिराच येतात, तेव्हा धावत यायला नको."

तो थांबला. पाठमोराच. मग मान हलली, आणि तो चालू लागला.

"आम्ही कधी हो उशिरा आलो?" कोन्सुएलो म्हणाल्या. "आणि विहीणबाई, तुमच्याकडे वाटेवरच्या कुणालाही असं बोलावतात?"

"बोलावू देत की," फेर्मिन म्हणाले. "एक ताट वाढलं तर काय होतं?"

"तसं नाही. पण बोलावलंच, तर निदान नाव तरी विचारून घ्यायचं होतं."

दोरिंदा त्या पाठीकडे बघत होती. बुरुजाच्या वळणाआड ती दिसेनाशी झाली.

"एवारिस्तो," ती म्हणाली.