धूरबाबांचा पांढरा रुमाल

मिरजगावच्या चौकात मुंगीला शिरायला जागा नव्हती. अजिनाथच्या जीपमागे धूरबाबा उकिडवे बसले होते आणि इंजिन चालू होतं. याच जीपमधून अजिनाथ गावची पोरं शाळेत नेई. बाबांनी सायलेन्सरला तांब्याचा ताईत बांधला, शुभ्र रुमाल नळीपुढे धरला, तीनदा मंत्र पुटपुटला आणि रुमाल फडकवला. दुधासारखा पांढरा.

"मशिनी झूट, फिल्टर झूट," बाबा गरजले. "अग्नी आमच्या मुठीत हाय. हिच्या पोटात आता धूरच उरला न्हाई."

लोकांनी हात जोडले. तेवढ्यात अजिनाथची लेक सुकन्या खोकली. ती रोज त्याच जीपच्या मागच्या बाकावर बसायची.

"गप," अजिनाथ खेकसला. "बाबांसमोर खोकायचं न्हाई."

जीपमधला काजळी अडवणारा फिल्टर सारखा तुंबायचा आणि स्टिअरिंगसमोर इशाऱ्याचा दिवा लागायचा. आदल्याच दिवशी बाबांच्या शिष्याने गॅरेजात तो कापून काढला होता, जागी पोकळ नळी बसवली होती आणि कॉम्प्युटर जोडून दिवाही बंद केला होता. फिल्टर विसर्जनाला न्यायचा म्हणाला. अजिनाथने तो नारळ ठेवून, पाया पडून हवाली केला.

महिनाभरात शाळेतल्या विज्ञानाच्या ज्योती मॅडमना दिसलं, की पहिल्या तासाला खोकणारी सगळी पोरं एकाच जीपमधून येतात. त्यांनी अजिनाथशी वाद घातला नाही. बाबांचा रुमाल तेवढा मागितला. अजिनाथने तो देवघरातून काढून मोठ्या तोऱ्यात आणला आणि फिल्टरच्या विसर्जनाची गोष्टही सांगितली.

मॅडमनी त्याचे सरळ दोन तुकडे केले. अजिनाथ रुमाल वाचवायला पुढे सरला, पण उशीर झाला होता. एक तुकडा त्यांनी व्हॅक्युम क्लीनरच्या तोंडावर ताणून बांधला आणि मैदानाच्या पार टोकाला एक अख्खा तास हवा ओढू दिली. तुकडा जवळजवळ पांढराच राहिला. मग दुसरा तुकडा त्याच क्लीनरवर बांधून चालू जीपच्या नळीमागे, तेवढाच वेळ. सोडला तेव्हा मधोमध चुलीवरच्या पातेल्याच्या बुडासारखा काळा गोल होता.

"पन धूर तर दिसत न्हाई, मॅडम."

"हे कण फार बारीक, भाऊ. क्षणभर रुमाल धरून ते सापडत नाहीत. इतकं थोडं मोजायचं तर भरपूर हवा ओढावी लागते आणि स्वच्छ हवेतल्या तुकड्याशी ताडून बघावं लागतं. बाबांनी रुमालाला वेळच दिला नाही. आणि तुमचा फिल्टर पाण्यात नाही गेला. त्यात किमती धातू असतो, तो विकला असणार."

अजिनाथची मान वर होईना. फसलो याची लाज होतीच. पण फिल्टर आपल्या हाताने दिला, तोही नारळ ठेवून, हे त्याला जास्त जाळत होतं. आणि जिला धूर कळला होता, तिलाच आपण गप केलं होतं.

जीप नवा फिल्टर बसेपर्यंत दारात उभी राहिली. बाजाराच्या दिवशी अजिनाथ दोन्ही तुकडे घेऊन त्याच चौकात उभा राहिला. लाज वाटत होती, तरी बोलला.

"मी येडा ठरलो, तुमी ठरू नका. डोळ्याला दिसत न्हाई म्हनून न्हाईच, असं धरू नका. कुनी चमत्कार दावला तर मोजून बघा, आन् मोजायला येळ द्या. तुमची पोरं त्याच हवेत हायेत."

शेजारी उभ्या सुकन्याला खोकला आला. तिने घाईने तोंडावर हात दाबला आणि भीत भीत बापाकडे बघितलं.

अजिनाथने तो हात हळूच खाली घेतला.

"खोक, बाळा," तो म्हणाला. "ऐकू दे समद्यास्नी."