रिकाम्या ट्रंकेचं ओझं

रिकामी ट्रंक उचलायला दोन माणसं लागली, तेव्हा आजीला हसू आवरेना. आजोबांनी मात्र मान ताठच ठेवली. नात शिकायला परगावी निघाली होती. तिला साधी सुटकेस चालली असती, पण जन्मभर ट्रंका ठोकणाऱ्याच्या नातीनं बाजारातली पेटी न्यायची म्हणजे आपलं नाकच कापलं, असं म्हणून आजोबा हटून बसले. मग काय, दुप्पट जाड पत्रा, कोपऱ्याकोपऱ्याला लोखंडी पट्टी आणि झाकणावर पिवळ्या रंगात त्यांचा लाडका इंग्रजी शब्द: ड्युरेबल.

हा शब्द त्यांना तरुणपणी एका गिऱ्हाइकानं दिला होता. तेव्हापासून घरात त्याला उसंत म्हणून नव्हती. जावई ड्युरेबल, सर्दी ड्युरेबल, आणि आजीचा राग तर विचारूच नका.

नात ट्रंकेपाशी बसून राहिली. तिला नाही म्हणवत नव्हतं आणि ट्रंक नेववतही नव्हती. शेवटी हळूच म्हणाली, "आजोबा, वापरून वापरून जे टिकतं ना, त्याला ड्युरेबल म्हणतात. ही तर घरातच पडून राहील. पडून काय, काहीही टिकतं."

आजोबांना ते लागलं. जेवताना दोन घास कमी खाल्ले. इतकी वर्षं शब्द रंगवला, पण एका माणसानं धड अर्थ सांगितला नाही, असं पुटपुटत दुपारी छिन्नी-हातोडी घेऊन ते ट्रंकेला भिडले. नव्या, हलक्या पेटीसाठी निदान तिच्या मुठी आणि कडी तरी काढायच्या होत्या. पण रिवेट हलेल तर शपथ. "कुठल्या गाढवानं ठोकलंय हे," ते करवादले, आणि मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. काम मात्र गाढवानं झकास केलं होतं.

संध्याकाळी पातळ पत्र्याची लहानशी पेटी तयार झाली. असल्या पत्र्याला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. झाकणावर काही रंगवलंही नाही.

नातीनं ती एका हातानं उचलली, दारापर्यंत मिरवून आणली. तिचा चेहरा असा खुलला की आजोबांना भरून आलं. पोरगी जाणार, हे आठवडाभर त्यांना आतून खात होतं.

"किती वर्षं टिकेल हो?" तिनं विचारलं.

आजोबांनी हात पुसले.

"फार नाही टिकायची," ते म्हणाले. "वर्षभरात कोपरा सुटेल. सुटला की घेऊन ये. बाहेर कुणाकडे देऊ नकोस."